जुन्या कर्नलची जागा

कर्नाटकाच्या महसूल खात्याने जमिनींच्या नोंदींच्या ‘भूमी’ या प्रकल्पात २००० च्या आसपास सुमारे दोन कोटी पहाणीपत्रके संगणकावर चढवली, छापील प्रती तलाठ्यांकडून तपासून घेतल्या आणि मग हाताने लिहिलेला उतारा बाद केला. परतीची वाट बंद करून केलेले हे अपग्रेड होते. भूमीचे पहिले सर्व्हर विंडोजचे होते हे खरे. पण आज जगातले बहुतेक वेब सर्व्हर लिनक्सवर चालतात, आणि तिथे नेमकी उलटी रीत रुजली आहे: नवा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आला तरी जुना लगेच पुसायचा नाही. ही रीत कशी रुजली हे पाहिले, की अपग्रेडनंतर सर्व्हर उठला नाही तर दोष कुठे शोधावा हेही उमगते. तो बहुधा नव्या कर्नलमध्ये नसतो. कर्नल आणि डिस्क यांची गाठ घालून देणाऱ्या सांध्यांत असतो.

यंत्र सुरू होताना कर्नल मेमरीत चढवणाऱ्या प्रोग्रॅमला बूटलोडर म्हणतात. वर्नर अल्मेसबर्गर यांच्या ‘लिलो’ या बूटलोडरला फाइल सिस्टीम वाचता येत नसे. कर्नल डिस्कच्या कोणत्या ब्लॉकांत आहे याचा नकाशा तो आधीच करून ठेवी. कर्नल बदलल्यावर लिलो पुन्हा चालवायचे राहिले, की नकाशा जुना आणि घर नवे. पडद्यावर लिलोच्या नावातली जितकी अक्षरे उमटत, तितकीच मजल गाठलेली असे. निदानाची इतकी काटकसरी भाषा पुढे कोणी केली नाही. १९९५ मध्ये एरिक बोलेन यांनी सुरू केलेला ‘ग्रब’ हा बूटलोडर फाइल सिस्टीम स्वतः वाचू लागला आणि तो दोष गेला. पण डिस्कचा ड्रायव्हर डिस्कवरच असेल तर कर्नलने तो आणायचा कसा? चावी पेटीत ठेवून पेटीलाच कुलूप लावावे, तसा हा प्रकार. त्यावर तोड निघाली ती इनिशियल रॅमडिस्कची, म्हणजे आजच्या इनिटरॅमएफएसची: गरजेपुरते ड्रायव्हर बांधून कर्नलसोबतच मेमरीत चढवायचे. अपग्रेडच्या वेळी बूट विभाग भरलेला असला तर हे गाठोडे अर्धवट बांधले जाते आणि कर्नल ‘रूट फाइल सिस्टीम सापडत नाही’ म्हणून पॅनिक होतो. तक्रार कर्नल बोलून दाखवतो, म्हणून दोषही त्याच्याच माथी बसतो. २००७ च्या फेडोरा ७ मध्ये आयडीई डिस्कांची नावे ‘एचडीए’ची ‘एसडीए’ झाली, तेव्हाही डिस्क जागच्या जागी शाबूत होती. जुन्या नावाने हाक मारणाऱ्या फाइलींची मात्र फसगत झाली. नावाऐवजी यूयूआयडी लिहिण्याची सवय त्याच काळात पसरली.

म्हणूनच बूट मेनूत जुना कर्नल त्याच्या जुन्या गाठोड्यासह राखला जातो; फेडोराच्या कुळात साधारण तीन कर्नल राहतात. यावर कोणी म्हणेल, व्हर्च्युअल मशीनचा स्नॅपशॉट असताना हा खटाटोप कशाला? पण स्नॅपशॉट मागे नेला की त्यानंतर नोंदलेला डेटाही मागे जातो. शिवाय अपग्रेड एका महिन्यात आणि रीस्टार्ट चार महिन्यांनी, असेही घडते. मधल्या काळात कोणी डिस्कजोडणीच्या एफएसटॅब फाइलमध्ये घातलेली चुकीची ओळही त्याच दिवशी उघडी पडते आणि बोट मात्र अपग्रेडकडे दाखवले जाते. अशा वेळी कोणता स्नॅपशॉट निवडणार?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि तो इतिहासानेच घेतला आहे. २०२० च्या जुलैअखेरीस ग्रबमधले ‘बूटहोल’ हे सुरक्षेचे छिद्र जाहीर झाले. ते बुजवायला रेड हॅटने दिलेल्या ग्रब व त्याआधी चालणाऱ्या शिमच्या अपडेटनंतर रेड हॅट आणि सेंटओएसची कित्येक यंत्रे उठेनाशी झाली. जुना कर्नल जागेवर होता, पण तो निवडायचा मेनूच येईना. बाहेरच्या माध्यमावरून रेस्क्यू मोडमध्ये शिरून जुनी पॅकेजेस परत घालावी लागली. या घटनेने रीत खोटी ठरली असे मला वाटत नाही. ती अर्ध्यावर थांबली होती एवढेच दिसले. कर्नल आपण दोन-तीन ठेवतो, पण त्यांना हाक मारणारा बूटलोडर बहुतेक यंत्रांवर एकच असतो. यूईएफआय फर्मवेअरच्या नियमांत बूटच्या अनेक नोंदी ठेवता येतात, त्यामुळे दुसरा बूटलोडर ठेवायला तांत्रिक अडचण नाही. नेहमीचे इन्स्टॉलर मात्र तो आपणहून ठेवत नाहीत.