वेळूची वास्तू

वैतरणेच्या मुखाशीं, उत्तर तीरावर दातिवरें वसलें आहे. तेथील पोर्तुगीजकालीन कोटाचे अवशेष पाहतांना इतिहासप्रेमी मनुष्यास १७३७ ते १७३९ ची वसईची मोहीम व चिमाजी आप्पांचा पराक्रम आठवतो. परंतु ह्याच किनारपट्टीवर वेळूची जी वास्तू उभी असते, तिच्याकडे त्याचें सहसा लक्ष जात नाहीं.

ही वास्तू म्हणजे कोळ्यांची वलांडी. वाळूंत रोवलेले खांब, त्यांवर आडव्या काठ्या वा दोर, आणि जबड्यांत जबडा अडकवून टांगलेले बोंबील. वारा चहूंकडून खेळावा व मासळीस वाळू लागूं नये, एवढेंच तिचें प्रयोजन. पोकळ, पेरापेरानें सांधलेला वेळू वजनास हलका. वाऱ्यापुढें तो वाकतो, पण सहसा मोडत नाहीं. पुरलेलें टोंक मात्र कुजतें, व खांब बदलावा लागतो.

नवा खांब आणावयाचा म्हणजे कायद्याशीं गांठ! वेळू वस्तुतः गवत. परंतु १९२७ च्या वन कायद्यानें त्याची गणना वृक्षांत केली. त्यामुळें स्वतःच्या परसांतील बेट तोडून नेण्यासही अनेक ठिकाणीं परवान्याची अडचण येई. २००६ च्या वनहक्क कायद्यानें तो गौण वनोपज ठरला. वनाबाहेरील वेळू वृक्षाच्या व्याख्येंतून सुटावयास मात्र २०१७ साल उजाडलें.

कोट एकदां बांधला गेला आणि ढासळला. वलांडी पुनःपुन्हां बांधली जाते, म्हणूनच टिकते. तिला शिलालेख नाहीं; बांधणारे हात थांबले, कीं तिचा इतिहासही संपेल.