वडगावचा पाऊस आणि मांडवीचे पाणी

बेळगावच्या वडगावात पावसाळ्यात मागांच्या खडखडाटाइतकाच एक विषय ठरलेला असतो: बळ्ळारी नाल्याचे पाणी शेतात शिरले का? हा नाला मार्कंडेयला मिळतो, ती घटप्रभेला, घटप्रभा कृष्णेला. म्हणजे वडगावचा पाऊस बंगालच्या उपसागरात जातो. शेजारच्या खानापूर तालुक्यात देगावकडे पडलेला पाऊस मात्र म्हादई होऊन आपल्या पणजीला येतो. त्याच तालुक्यात कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा पुन्हा पूर्वेकडे वळते.

तिकडे नातलगांकडे गेलो की एक वाक्य ऐकावेच लागते, "तुमचे पाणी समुद्रात वायाच जाते ना?" वाया! आपल्या पूर्वजांनी तर सगळी खाजन शेती या समुद्रात जाणाऱ्या पाण्यावर उभी केली.

पावसाळ्यात मांडवीचे गोडे पाणी हलके, म्हणून वरून वाहते. खारे जड, ते पाचरीसारखे तळाने आत शिरते. पाऊस संपला, गोड्याचा रेटा ओसरला की भरती-ओहोटी दोन्ही पाणी वरखाली घुसळून एक करते आणि खारटपणा आत सरकत जातो. भरतीची चढउतार तर पार गांजेपर्यंत, मुखापासून सुमारे ५० किलोमीटर आत जाणवते. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने (स्थापना १९६६) हे मोजून मांडले. गावकऱ्यांना ते उपकरणांवाचून ठाऊक होते. मानशीची लाकडी दारे भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात, ओहोटीला उघडून आतले पाणी बाहेर सोडतात. पहिल्या पावसाने जमिनीतले मीठ धुऊन गेले की तिथे कोरगुट पेरायचे. मानशीपाशी रात्री जाळे लावून सुंगटे धरायची, हा वरकड लाभ! ही व्यवस्था पोर्तुगीजांनी आणली नव्हती. ते आले तेव्हा गावकरी इथे नांदत होती आणि तिचे रिवाज १५२६ च्या फोरालात त्यांना लिहून घ्यावे लागले.

म्हादई लवादाने १४ ऑगस्ट २०१८ ला कर्नाटकाला १३.४२ टीएमसी पाणी दिले. आकडा मोठा दिसतो, पण त्यातले ८.०२ वीजनिर्मितीसाठी, ते पुन्हा नदीतच यायचे. आपल्या दृष्टीने कळीचे आहे ते कळसा-भांडुऱ्याचे ३.९ टीएमसी. ते मलप्रभेत वळले की मांडवीला कायमचे अंतरले. पावसाळ्यात ही तूट कदाचित डोळ्यांना दिसणारही नाही. पण उन्हाळ्यात नदीचा प्रवाह आधीच बारीक असतो. तेव्हा वरून येणारे गोडे पाणी आणखी घटले, तर खाऱ्याला मागे रेटायला दुसरे काही नाही.