दुसऱ्या मद्यपीचा शोध : अ‍ॅक्रन, १९३५ 🧵

१/ ११ मे १९३५, शनिवार. अमेरिकेच्या ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन हे टायर-कारखान्यांचे शहर. तेथील मेफ्लॉवर हॉटेलच्या दालनात न्यूयॉर्कचा बिल विल्सन येरझारा घालत होता. शेअर बाजारातला हा माणूस एका कंपनीचा ताबा मिळवण्यासाठी आला होता आणि तो डाव नुकताच फसला होता. दालनाच्या एका टोकाला बार. दुसऱ्या टोकाला टेलिफोन आणि शहरातील चर्चची यादी.

२/ दारू सोडून त्याला जेमतेम पाच महिने झाले होते. त्या काळात त्याने कित्येक मद्यपींमागे खटपट केली, पण एकही सुधारला नाही. त्या खटपटीत तो स्वतः मात्र कोरडा राहिला होता. बारमधील हसण्याचे आवाज कानी पडत असताना त्याला हे उमगले. त्या क्षणी त्याला डॉक्टर नको होता, उपदेशक नको होता. दुसरा मद्यपी हवा होता.

३/ त्याने यादीतून वॉल्टर टंक्स या धर्मगुरूंना फोन लावला. अनोळखी शहरात, अनोळखी माणसाला, ‘मला एखाद्या दारुड्याशी बोलायचे आहे’ असे सांगणे सोपे नव्हते. टंक्स यांनी काही नावे दिली. एकेक फोन वाया जात गेला. अखेर धागा हेन्रिएटा साइबरलिंग यांच्यापर्यंत पोहोचला. ‘गुडइयर’ कंपनीचे संस्थापक फ्रँक साइबरलिंग यांच्या त्या सूनबाई. त्यांना ‘ऑक्सफर्ड ग्रुप’ या धार्मिक मंडळातील एक मद्यपी शल्यचिकित्सक ठाऊक होता : डॉ. बॉब स्मिथ.

४/ भेट त्या दिवशी होऊ शकली नाही. मातृदिनासाठी पत्नीला फुलझाडाची कुंडी घेऊन डॉक्टर घरी आले खरे, पण कुंडी टेबलावर आणि डॉक्टर टेबलाखाली, अशी अवस्था होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला, ‘फक्त पंधरा मिनिटे’ या अटीवर ते आले. बोलणे रात्री उशिरापर्यंत चालले.

५/ विल्सनने उपदेश केला नाही. स्वतःची कहाणी सांगितली. दारूविषयी डॉक्टरांनी पुष्कळ वाचले-ऐकले होते. अनुभवातून बोलणारा माणूस त्यांना प्रथमच भेटला. ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ची (एए) मुळे या बैठकीत आहेत.

६/ येथे एक ऐतिहासिक पेच. संघटना आपला स्थापनादिन १० जून १९३५ मानते, कारण डॉक्टरांनी त्या दिवशी शेवटचा घोट घेतला असे सांगितले जाते. परंतु अटलांटिक सिटीतील ज्या वैद्यकीय अधिवेशनाहून ते पिऊन परतले, ते अधिवेशनच १० जूनला सुरू झाले होते! तेव्हा खरी तारीख आठवडाभर पुढची असावी. स्मृती आणि कागद यांचे भांडण नवे नाही.

७/ पुढची अडचण अधिक खोल होती. ज्या मंडळात कोणी पूर्ण नाव सांगत नाही, ते मंडळ गरजूला सापडावे कसे? १९३९च्या पुस्तकात न्यूयॉर्कच्या टपालपेटीचा क्रमांक छापला गेला. पत्र आले की जवळचा सदस्य कळवायचा. जेथे कोणी नसेल, तेथे पत्र लिहिणाऱ्यानेच बैठक सुरू करायची. मार्च १९४१मध्ये ‘सॅटर्डे इव्हिनिंग पोस्ट’ने लेख छापला आणि पत्रांचा पूर आला. सुमारे २,००० सदस्यांचे वर्षअखेरीस ८,००० झाले. फिरतीवरचे विक्रेते पत्रलेखकांची नावे खिशात घेऊन गावोगाव जात.

८/ भारतात एए १९५७मध्ये आले. मुंबईतही त्याच वर्षी. तेव्हा मुंबई राज्यात १९४९चा दारूबंदी कायदा लागू होता. ‘मी मद्यपी आहे’ हे वाक्य अ‍ॅक्रनमध्ये लाजिरवाणे होते. मुंबईत परवाना नसलेल्यासाठी ती जवळजवळ गुन्ह्याची कबुली होती. नाव न विचारणाऱ्या खोलीचे मोल येथे निराळेच होते.

९/ १९८६मध्ये पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ सुरू केले, पु. ल. देशपांडे यांनी त्यास आर्थिक हातभार लावला. तेथेही व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच नव्याने आलेल्यांशी बोलत बसतात.

१०/ साइबरलिंग यांच्या आवारातील ते भेटीचे छोटे घर आजही उभे आहे आणि पाहता येते.