दैवी न्याय आणि साष्टीचा पुराणकार

आपलें कांजूर ज्या साष्टी बेटावर वसलें, त्याच नांवाचा प्रांत गोव्यांतही आहे. तेथील कुंकळ्ळी गांवीं २५ जुलै १५८३ रोजीं येशूसंघाचे पांच मिशनरी मारले गेले. पुढें पोर्तुगीज अधिकाऱ्यांनीं गांवच्या पुढाऱ्यांस असोळण्याच्या किल्ल्यांत बोलावून दग्यानें ठार केलें. यास न्याय म्हणावयास माझी तरी लेखणी धजत नाहीं.

त्याच साष्टींत फादर थॉमस स्टीफन्स राहिले, आणि १६१६ सालीं त्यांचें ओवीबद्ध मराठी ‘ख्रिस्तपुराण’ रायतूरास छापून निघालें. पूर्वार्धांत आदामाचें पाप व मनुष्यजातीची तारणाऱ्यासाठीं प्रतीक्षा, उत्तरार्धांत ख्रिस्तचरित्र. देवानें दंड सोडिला नाहीं. प्रीतीस्तव तो स्वतःच क्रूसावर भोगला. हें पुराण देवळांत वाचलें जाई. असोळण्यास मेलेल्यांचे नातूही तें ऐकावयास बसले असतील.