कुसुमावतींची दोन दारं

कुसुमावती देशपांडे म्हटलं की आपल्याकडे लगेच ‘कुसुमानिल’चा विषय निघतो. कवी अनिल आणि त्यांचा पत्रव्यवहार. १९७२ साली पुस्तकरूपानं आला आणि लोकांनी तो प्रेमकथेसारखा वाचला. जरूर वाचावा. पण मला आज त्यांच्या डिग्रीबद्दल बोलायचंय.

जन्म १९०४, अमरावती. माहेरच्या जयवंत. शाळा पुण्याची हुजूरपागा, पुढे फर्ग्युसन, मग नागपूर आणि तिथून लंडन. तिथल्या वेस्टफील्ड या मुलींच्या कॉलेजातून १९२९ साली त्यांनी इंग्रजी साहित्याची पदवी घेतली. आज हे एका वाक्यात सांगून होतं. पण त्या वेळी केंब्रिजला मुली परीक्षा द्यायच्या, पास व्हायच्या, आणि तरी त्यांना विद्यापीठाची पूर्ण पदवी मिळत नसे. त्यासाठी १९४८ उजाडावं लागलं! लंडननं मात्र हे दार १८७८ सालीच उघडलं होतं. हे साल लक्षात ठेवा.

परत आल्यावर लग्न, आणि नागपुरात इंग्रजीची प्राध्यापकी. शिकवायचं इंग्रजी, लिहायचं मराठीत. ‘दीपकळी’, ‘दीपदान’, ‘मोळी’ हे कथासंग्रह आले. पण माझ्या मते त्यांचं खरं मोठं काम ‘मराठी कादंबरी : पहिले शतक’. वर्गात इंग्रजी कादंबरी शिकवणाऱ्या बाईंनी आपल्या भाषेतल्या शंभर वर्षांच्या कादंबऱ्या घेतल्या आणि नीट, सलग तपासल्या. अहो, एकेका कादंबरीवर मत द्यायला कुणीही पुढे येतं. सगळं शतक अंगावर घ्यायला वेगळा दम लागतो. तरी ओळख करून देताना आपण म्हणतो, ‘अनिलांच्या पत्नी’.

आता ते १८७८. त्याच साली पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या अध्यक्षतेखाली पहिलं ग्रंथकार संमेलन भरलं, म्हणजे आपल्या साहित्य संमेलनाची सुरुवात. त्या खुर्चीवर पहिली बाई बसली १९६१ साली, ग्वाल्हेरला : कुसुमावती. मध्ये ८३ वर्षं गेली. अनिल स्वतः तीनच वर्षं आधी, मालवणला, अध्यक्ष होऊन गेले होते.

त्याच वर्षी नोव्हेंबरात कुसुमावती दिल्लीत वारल्या. त्यानंतरच्या महिला अध्यक्ष थेट १९७५ साली, कराडला : दुर्गा भागवत. ती गोष्ट मोठी आहे, तिच्यासाठी वेगळा भाग करू.