मातीची कूस

नोव्हेंबर महिन्यात आपण दफनभूमीत जातो, प्रियजनांच्या कबरींवर फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो. मृतांना रिकाम्या हाताने निरोप देऊ नये, ही भावना फार पुरातन आहे. प्राचीन इजिप्तमध्ये तर कुंभार खास मृतांसाठी वस्तू घडवीत. मातीच्या तबकावर छोटेसे घर आणि त्याच्या अंगणात अन्नाचा नैवेद्य, अशी ‘आत्म्याची घरे’ सर फ्लिंडर्स पेट्री यांना रिफे येथील उत्खननात १९०६-०७ साली सापडली.

परंतु अशा कुंभारकामासाठी नाईलच्या काठी जाण्याचे कारण नाही. मावळात भाजे लेण्यांपाशी दिवंगत भिक्षूंच्या स्मरणार्थ कोरलेले चौदा पाषाणस्तूप आपण पाहिलेच असतील. त्याहूनही कितीतरी जुनी मातीची साक्ष आपल्याच जिल्ह्यात आहे. लोणावळ्याजवळ उगम पावणारी इंद्रायणी भीमेला मिळते. पुढे त्याच भीमेला घोड नदी मिळते. या घोड नदीच्या काठी, शिरूर तालुक्यात इनामगाव आहे. डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर व डॉ. अन्सारी यांच्या मार्गदर्शनाखाली डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांची ती वस्ती होती.

तेथे दोनशेहून अधिक दफने उजेडात आली. त्यांत बहुसंख्य लहान मुलांची होती. मूल दगावले की राहत्या घराच्या जमिनीतच खड्डा खणीत. हाताने घडविलेल्या दोन करड्या घागरी तोंडाला तोंड लावून आडव्या ठेवीत आणि त्यांत त्या बाळाला निजवीत. सोबत एखादा वाडगा, तोटीचे भांडे ठेवीत.

मोठ्या माणसांची पावले मात्र घोट्याखाली तोडून त्यांना पुरलेले आढळते. मृताने भूत होऊन परत येऊ नये, हा त्यामागील हेतू असावा, असे संशोधक मानतात. एका प्रौढ पुरुषाला तेवढे चार पायांच्या कच्च्या मातीच्या रांजणात बसविलेले होते, पाय शाबूत ठेवून. त्याच्यासोबतच्या एका भांड्यावर वल्ह्यांची नाव रंगविली होती. पैलतीराची कल्पना त्यांनाही असेल काय?

मोठ्यांच्या बाबतीत भय दिसते, बालकांच्या बाबतीत निव्वळ माया. दोन घागरींची ती जणू दुसरी कूसच. आई ज्या जमिनीवर वावरे, तिच्याखालीच तिचे बाळ निजलेले असे.

हे वाचताना एका धर्मगुरूचे मन अस्वस्थ होते. स्नानसंस्कारापूर्वी दगावलेल्या बालकाला एके काळी आपल्याकडे पवित्र केलेल्या भूमीत जागा मिळत नसे. किती मातांनी ते दुःख मुकाट्याने गिळले असेल! १९८३ च्या धर्मसंहितेने, आईवडिलांचा स्नानसंस्काराचा मानस असल्यास, बिशपांच्या अनुमतीने अशा बालकाचा अंत्यविधी ख्रिस्तसभेत करण्याची मुभा दिली. २००७ साली आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगानेही अशा बालकांच्या तारणाची आशा धरण्यास सबळ आधार असल्याचे सांगितले.

आपल्याला पुनरुत्थानाची आशा लाभली आहे. इनामगावच्या मातांपाशी केवळ माती होती आणि तरीही त्यांनी आपल्या बाळांना घराबाहेर काढले नाही. यंदा दफनभूमीत जाल तेव्हा ज्या चिमुकल्या कबरीवर नाव नाही, क्रूस नाही, तिच्यापाशीही एक मेणबत्ती लावा.