नागपूर–बिरसी हवाई अंतर

नागपूरचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ (सोनेगाव) आणि गोंदियाजवळचा बिरसी विमानतळ यांमधील सरळ अंतर. सु. १३७ किमी. (७४ सागरी मैल). या दोहोंमध्ये भंडारा जिल्हा पसरला असून त्यात प्रवासी विमानतळ नाही. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत बिरसी भंडारा जिल्ह्यातच मोडत असे. जुन्या नोंदी वाचताना हे ध्यानात ठेवावे.

मार्ग : नकाशावरील सरळ रेघ मोहाडीजवळून जाते, वैनगंगा ओलांडते आणि तिरोड्याजवळून बिरसीला पोचते. वरठी, तुमसर रोड, तिरोडा हा लोहमार्गही साधारण याच दिशेने जातो.

उड्डाणवेळ : ताशी ५०० किमी. वेगाने निव्वळ हिशेब १६–१७ मिनिटांचा होतो. प्रत्यक्षात विमान पुरते उंचीवर जाते न जाते तोच उतरणीला लागते. त्यामुळे धावपट्टीवरचा वेळ धरून ३५ ते ४५ मिनिटे गृहीत धरावीत. बिरसीला वैमानिक-प्रशिक्षण चालते. ताशी २२० किमी. वेगाच्या लहान प्रशिक्षण विमानाला हेच अंतर कापण्यास सु. ३७ मिनिटे पुरतात.

रात्रीची टपालसेवा : जानेवारी १९४९ मध्ये सुरू झालेल्या या सेवेचे केंद्र नागपूर होते. मुंबई, दिल्ली, कोलकाता व मद्रास येथून निघालेली डाकोटा विमाने मध्यरात्री सोनेगावला उतरत. तेथे टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि विमाने आपापल्या शहरी परतत. या मार्गांपैकी कोलकाता–नागपूर ही सरळ रेघ भंडारा शहराच्या जवळून जाते.

बिरसीची प्रवासी सेवा : धावपट्टी दुसऱ्या महायुद्धकाळातील. १३ मार्च २०२२ रोजी इंदूर–गोंदिया–हैदराबाद आणि १ डिसेंबर २०२३ रोजी हैदराबाद–गोंदिया–तिरुपती सेवा सुरू झाली.

हवामान : पावसाळी ढगांना वळसा घालावा लागल्यास वेळ वाढतो.

भंडारा जिल्ह्यातून प्रवास : सरळ रेषेत भंडारा शहर नागपूरला (सु. ६३ किमी.) जवळ, बिरसीला (सु. ७७ किमी.) दूर आहे. पवनीही नागपूरकडचीच. तुमसर व साकोली मात्र बिरसीला जवळ. साकोलीहून बिरसी सु. ६० किमी., तर सोनेगाव सु. ९७ किमी. तरीही मुंबईला जाणाऱ्याला नागपूरच गाठावे लागते. सकाळी ६ चे विमान असेल, तर साकोलीकराला रात्री दीडच्या सुमारास घर सोडून वैनगंगेवरील कारध्याचा पूल अंधारातच ओलांडावा लागतो. पुढचे उड्डाण दीड तासाचे असते. म्हणून या जिल्ह्यापुरता प्रवासाचा वेळ विमानतळापासून न मोजता घराच्या उंबऱ्यापासून मोजणेच योग्य.